पटकथा कुठे सुरू होते? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात पटकथालेखनाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा सूर एकच होता : विषय हाताशी आहे, प्रसंग खरे आहेत, तरी कथा पकड घेत नाही. ज्या प्रश्नांच्या उत्तरांचा इतरांनाही उपयोग होईल, असे काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब होती, त्यामुळे ती संक्षेपाने दिली आहेत.

प्रश्न : मी केज तालुक्यात माध्यमिक शिक्षिका आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील एका मुलीवर मी पटकथा लिहिली आहे. तिच्या जन्मापासून दहावीपर्यंतचा सगळा काळ त्यात येतो : दुष्काळ, बापाने टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, धाकट्या भावाचा उसाच्या फडातला अपघात, हंगामी वसतिगृह, आईचे आजारपण आणि शेवटी परीक्षा. १६० पाने झाली आहेत. ज्यांनी वाचली ते म्हणतात, ‘वाचून वाईट वाटते, पण पुढे काय होणार याची ओढ लागत नाही.’ यातले काय कमी करू?

उत्तर : काय वगळायचे ते ठरवण्याआधी तुमच्या कथेचा प्रश्न कोणता, हे ठरवावे लागेल. तुमच्या पटकथेत मुलीच्या आयुष्याचा मोठा काळ आहे, पण प्रेक्षकाने मनात धरून बसावे असा एक प्रश्न नाही. म्हणून प्रत्येक प्रसंग सुटा सुटा दुःख देतो आणि तिथेच संपतो. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात लिहिलेल्या ‘काव्यशास्त्रा’त हा दोष नेमका दाखवला आहे. एकाच माणसाची गोष्ट सांगितली म्हणजे कथेला आपोआप एकता येते, हा समज त्याने खोडून काढला आणि उदाहरण दिले ते ग्रीक महाकवी होमरचे, ज्याने ओडिसियसच्या आयुष्यात घडलेले सारे काही काव्यात न घेता एकाच कार्याभोवती रचना केली. आरंभाची त्याने केलेली व्याख्याही तुमच्या कामाची आहे. ज्याच्या आधी काही सांगितलेच पाहिजे असे नाही, पण ज्याच्या पाठोपाठ काहीतरी घडल्यावाचून राहत नाही, तो आरंभ. या कसोटीवर मुलीचा जन्म आरंभ ठरत नाही, कारण जन्मामुळे पुढचा कोणताही विशिष्ट प्रसंग अटळ होत नाही.

खरा आरंभ तुमच्या पत्रातच आहे. तोडीचा हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दहावीची परीक्षा नेमकी त्याच्या अखेरीला येते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल त्या जोडीच्या नावावर दिलेली असते. आई आजारी पडली की कोयता अर्धा होतो, उचल मात्र पुरीच्या पुरी राहते. या दोन गोष्टी समोरासमोर आल्या की मुलगी परीक्षेला बसणार की नाही हा प्रश्न उभा राहतो, आणि तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या दहा-बारा पानांत एवढे घडले पाहिजे.

ते कसे घडावे याचा एक नमुना देतो. टोळीची गाडी निघण्याच्या आदल्या रात्री मुकादम ओट्यावर बसला आहे. वही मांडीवर उघडी आहे. आई आत गोधडीखाली पडून आहे, तिचे कण्हणे बाहेर ऐकू येते. मुकादम आवाज न चढवता म्हणतो, ‘उचल जोडीची घेतलीस, आन् आता अर्धा कोयता घेऊन येतूस व्हय?’ बाप गप्प. मुलगी भूमितीची वही हातात धरून दारात उभी आहे. बाप तिच्याकडे पाहत नाही, आणि तो का पाहत नाही हे तिला कळते. ‘मी येते,’ ती म्हणते, ‘पण परीक्षेच्या आधी आठ दिस मला गावाकडं धाडायचं. तुमच्या वहीत लिव्हा तसं.’ मुकादम हसत नाही, रागावतही नाही. तो लिहितो.

तुमच्या सध्याच्या मसुद्यात मुलीला ‘नेले जाते’. येथे ती जाते आणि जाताना अट घालते. प्रेक्षकाची कणव पहिल्या मसुद्यातही मिळते, पण त्याची ओढ दुसऱ्यात मिळते, कारण आता त्याला एक वचन माहीत आहे, ते कोणत्या वहीत लिहिले आहे हे माहीत आहे आणि ते मोडणे कोणाच्या हातात आहे हेही माहीत आहे. पुढचा प्रत्येक प्रसंग या वचनाजवळ किंवा वचनापासून दूर नेणारा असावा. तसा नसेल, तर तो कितीही खरा असला तरी या चित्रपटाचा नाही.

मधल्या भागासाठीही ती वहीच वापरता येईल. लिहिता-वाचता येणारी मुलगी टोळीत आल्यावर मुकादम तिला खेपांचा आणि टनांचा हिशेब मांडायला बसवतो, असे समजा. फडातल्या कामातून तिला दिवसाचा एक तास सुटका मिळते, कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, कंदिलापाशी अभ्यास करता येतो आणि परीक्षा जवळ आल्यासारखी वाटते. त्याच हिशेबात तिला दिसते की टोळीच्या नावावर चढलेले टन प्रत्यक्षापेक्षा कमी आहेत. ती बोलली तर मुकादम वचन मोडेल. ती गप्प राहिली तर बापासह सगळ्या टोळीची उचल फिटणार नाही आणि राहिलेली रक्कम पुढच्या हंगामावर चढेल, म्हणजे पुढच्या वर्षीही कोणाची तरी मुलगी तोडीला जाईल. आता तिच्यासमोर दोन चांगल्या गोष्टी आहेत आणि तिला एकच मिळू शकते. शेवट हिशेबाच्या दिवशी, सगळी टोळी समोर असताना, तिच्या तोंडून किंवा तिच्या मौनातून झाला पाहिजे. ती काय निवडेल हे तुम्ही ठरवा. त्या मुलीला तुम्ही ओळखता, मी ओळखत नाही.

राहिला प्रश्न मागच्या पंधरा वर्षांचा. ती वर्षे वाया जात नाहीत, फक्त ती प्रसंग म्हणून दाखवायची नाहीत. भावाच्या अपघाताची दहा पाने काढून टाका, आणि ट्रॅक्टर मागे येऊ लागला की बाप हातातली मोळी टाकून आधी जवळचे कोणतेही लहान मूल उचलून बाजूला ठेवतो, एवढे दोनदा दाखवा. दुसऱ्या वेळी कोणीतरी एका वाक्यात कारण सांगितले की पुरे. हंगामी वसतिगृहाचेही तसेच. तिथे राहून शिकलेली एखादी मैत्रीण परीक्षेचे वेळापत्रक कळवणारी म्हणून आली, तर वसतिगृह कथेत राहील आणि त्यासाठी वेगळा अध्याय लागणार नाही.

प्रश्न : मी अंबाजोगाईत शिकतो. एका शिबिरात आम्हाला तीन अंकांची रचना शिकवली : आरंभ, संघर्ष, शेवट, आणि कोणत्या पानावर काय घडले पाहिजे याचे आकडे. ही हॉलिवूडची पद्धत आपल्या मातीतल्या गोष्टींवर का लादायची? आपल्याकडे असे काही नव्हते का?

उत्तर : होते, आणि बरेच सूक्ष्म होते. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्रा’त नाट्यातील कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (फळ मिळण्याची आशा), नियताप्ती (फळ मिळण्याची निश्चिती) आणि फलागम (फळ हाती येणे). त्यांच्याशी जुळणारे पाच संधी, म्हणजे कथानकाचे टप्पे, आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. पहिल्या संधीत बीज पेरले जाते आणि शेवटच्या संधीत त्याचे फळ हाती येते. आधुनिक काळात गुस्टाव्ह फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाटकाची पाच भागांची रचना मांडली. तुम्हाला शिकवलेले पानांचे आकडे मुख्यतः अमेरिकी पटकथालेखन-शिक्षक सिड फील्ड यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरून रूढ झाले आहेत. १२० पानांची पटकथा, पहिला पाव भाग मांडणीचा, मधला अर्धा संघर्षाचा आणि शेवटचा पाव उकल करणारा, अशी ती विभागणी आहे. एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीवर बसवलेला आहे. देवनागरीत टाइप केलेल्या पानाला तो तंतोतंत लागू पडेलच असे नाही. म्हणून आकड्यांचा आग्रह धरू नका. प्रमाणाचा मात्र धरा, कारण प्रेक्षकाचा धीर इंग्रजीत आणि मराठीत फारसा वेगळा नसतो.

तुमच्या पत्रातला ‘लादणे’ हा शब्द मला पटत नाही. अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे, दासोपंतांची परंपरा आहे, आणि कीर्तन ऐकत लहान झालेल्या माणसाला रचना परकी वाटण्याचे कारण नाही. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात बुवा एखादे पद घेऊन त्याचे निरूपण करतात, उत्तररंगात त्या विचाराचा प्रत्यय देणारे आख्यान लावतात आणि अखेरीस पुन्हा मूळ पदावर येतात. आख्यान रंगात आले असताना श्रोता पद विसरलेला असतो, पण ते पुन्हा कानावर आले की त्याचा अर्थ बदललेला असतो. कारण मधल्या काळात त्याने ध्रुवाला किंवा हरिश्चंद्राला काही भोगताना पाहिलेले असते. पटकथेच्या पहिल्या दहा पानांत जे विधान किंवा जो प्रश्न येतो आणि शेवटच्या दहा पानांत ज्याचे उत्तर मिळते, त्यांच्यातले नाते असेच आहे.

या सगळ्या पद्धतींमध्ये फरक आहेत आणि ते पुसून टाकू नयेत. नाट्यशास्त्र रसाकडे पाहते आणि नायकाला फळ मिळवून देते. ग्रीक शोकांतिकेत नायकाचा नाश होऊ शकतो. हॉलिवूडची मांडणी नायकाच्या इच्छेवर आणि त्या इच्छेला होणाऱ्या विरोधावर भर देते. पण कोणाला तरी काहीतरी हवे आहे, ते मिळवण्याची धडपड सुरू झाली आहे आणि त्या धडपडीचा हिशेब शेवटी पुरा होणार आहे, एवढे तिन्ही ठिकाणी आहे. माझा सल्ला असा की पहिला मसुदा मनमोकळा लिहा आणि दुसऱ्या मसुद्याच्या वेळी या पाच अवस्था समोर ठेवून आपल्या कथेतला त्या त्या अवस्थेचा प्रसंग एकेका ओळीत लिहून पाहा. जिथे ओळ सुचणार नाही, तिथे कथेत पोकळी आहे.

प्रश्न : २०१६च्या उन्हाळ्यातील लातूर जिल्ह्याची कथा लिहीत आहे. नायक टँकरचालक आहे. पहिली तीस पाने जमली आहेत, शेवटची वीसही जमली आहेत. मधली साठ पाने मात्र ढिली पडतात : टँकर येतो, भांडण होते, टँकर जातो, आणि पुन्हा तेच. मध्यंतर कुठे घ्यावा हेही कळत नाही. (एक वाचक, रेणापूर)

उत्तर : आलेल्या पत्रांपैकी जवळजवळ निम्म्या पत्रांत हीच तक्रार आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. दुष्काळात तेच ते पुन्हा घडते हे वास्तव आहे आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे उतरवले आहे. पण पडद्यावर एखादा प्रसंग दुसऱ्यांदा आला की प्रेक्षक त्यात फरक शोधतो, आणि फरक सापडला नाही की त्याचे लक्ष सुटते. तुमची मधली दृश्ये एकेका ओळीत लिहून काढा आणि दोन ओळींच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते पाहा. ‘मग’ बसत असेल, तर ती दोन दृश्ये फक्त शेजारी उभी आहेत. ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसत असेल, तर पहिल्याने दुसऱ्याला जन्म दिला आहे. टँकर आला, मग भांडण झाले, मग टँकर गेला : अशी साठ पाने कोणीही सलग वाचणार नाही. टँकर आला, पण अर्धाच भरलेला होता, म्हणून चालकाने एका वस्तीला पाणी नाकारले, पण त्या वस्तीत त्याच्या बहिणीचे घर होते, म्हणून तो रात्री चोरून परतला, पण त्याला कोणीतरी पाहिले. येथे घटना तेवढ्याच आहेत, पण प्रत्येक घटना मागे फिरण्याची एकेक वाट बंद करते.

नाट्यशास्त्रातील गर्भसंधीचे वर्णन मला या कामी फार मोलाचे वाटते. त्या संधीत बीज कधी हाती आल्यासारखे वाटते, कधी निसटते आणि पुन्हा त्याचा शोध घ्यावा लागतो. मिळणे, हरवणे, पुन्हा शोधणे, हाच पटकथेच्या मध्यभागाचा गाभा आहे. तुमच्या चालकाला काय हवे आहे? पत्रात ते कुठेही लिहिलेले नाही. कर्ज फेडून स्वतःचा टँकर घ्यायचा आहे, असे क्षणभर धरू या. मग मधल्या साठ पानांत तो टँकर किमान एकदा त्याच्या हातात येता येता जायला हवा, आणि तो जाण्याचे कारण त्याने स्वतः आधी केलेली एखादी गोष्ट असायला हवी.

तुम्ही निवडलेल्या काळानेच तुम्हाला कथेचा मध्य दिला आहे. त्या वर्षी लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लागू करावी लागली आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींमध्ये सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. साऱ्या देशाने ही सुटकेची बातमी म्हणून पाहिली. तुमच्या चालकाच्या जागी उभे राहून ती पाहा. महिनाभर ज्याच्या हॉर्नवर गल्ल्या गोळा होत होत्या, ज्याला म्हातारी माणसे ‘साहेब’ म्हणू लागली होती, त्याची सत्ता त्या दिवशी ढळली. शिवाय ते पाणी शहरासाठी होते, तुमच्या कथेतल्या वाड्यावस्त्यांसाठी नव्हते. म्हणजे एकाच घटनेने शहरातला त्याचा धंदा धोक्यात येतो आणि गावांत त्याची गरज आणखी वाढते. आतापर्यंत तो पाण्याच्या जोरावर किती कमावणार हा प्रश्न होता. येथून पुढे कमाई सुटत असताना तो कोणाला पाणी देणार हा प्रश्न होतो. कथेचा प्रश्न जिथे असा बदलतो, तिथे मध्यंतर घ्यावा.

मध्यंतराविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्याकडे चित्रपटगृहात मध्यंतर असतोच, त्यामुळे अनेक लेखक त्या जागी एखादा धक्का ठेवतात : अपघात, अटक, कोणाचा तरी अचानक प्रवेश. धक्क्याने प्रेक्षक चहा घेताना त्याच्याविषयी बोलतो, पण आत येऊन बसल्यावर पाच मिनिटांत धक्का ओसरतो. प्रश्न बदललेला असेल, तर तो उरलेल्या तासाला पुरतो.

प्रश्न : माझ्या कथेत १९९३चा किल्लारीचा भूकंप आहे. पूर्वार्धात एका एकत्र कुटुंबातील भावाभावांचे वाद रंगवले आहेत आणि मध्यंतराला भूकंप होतो. उत्तरार्ध नुसता शोकाचा होतो असे मित्र म्हणतात. शिवाय शेवट दुःखाचा आहे. दुःखान्त कथेने प्रेक्षकाचे समाधान होते का? (एक वाचक, औसा)

उत्तर : ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास जे झाले, त्यात सुमारे १०,००० माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्या रात्रीविषयी लिहिताना मनावर दडपण येणे स्वाभाविक आहे, आणि तुमच्या उत्तरार्धात बहुधा तेच झाले आहे. पण रचनेच्या बाजूने पाहिले तर भूकंप ही घटना आहे, ते कोणाचे कृत्य नाही. तो कोणाच्या इच्छेने येत नाही आणि कोणाच्या प्रयत्नाने टळत नाही. अशी घटना मध्यावर ठेवली की पूर्वार्धातील भावाभावांचे वाद तिच्याखाली गाडले जातात, आणि तासभर ज्यात मन गुंतवले त्याला काही अर्थच नव्हता असे प्रेक्षकाला वाटते.

भूकंप आधी घ्या. पंधराव्या-विसाव्या मिनिटाला तो होऊन जाऊ द्या, आणि वाद नंतर सुरू होऊ द्या. भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसवली गेली आणि नव्या गावठाणात कोणाला केवढे घर मिळणार हे जमीनधारणेवरून ठरले. ही वस्तुस्थिती तुमच्या कुटुंबावर लावून पाहा. सातबारा थोरल्याच्या नावावर आहे, राबतो धाकटा. थोरला ढिगाऱ्याखाली गेला आहे आणि त्याची बायको व लहान मूल वाचले आहे. घर कोणाच्या नावावर होणार? धाकट्याने वहिनीला सोबत घ्यायचे की तलाठ्याकडे एकट्याने जायचे? आता भूकंपाने वाद संपवला असे न होता वाद उघडा पाडला असे होते, आणि उत्तरार्धात शोक राहूनही माणसे काहीतरी करत राहतात.

दुःखान्ताविषयी म्हणाल, तर शेवट सुखाचा की दुःखाचा यावर समाधान अवलंबून नसते. आरंभी उभा केलेला प्रश्न पुरता सुटला का आणि तो नायकाच्याच निर्णयाने सुटला का, यावर ते अवलंबून असते. धाकट्याला शेवटी घर मिळाले नाही, पण ते त्याने स्वतः सोडले, आणि का सोडले हे आम्हाला त्याच्याबरोबर राहून कळले, तर प्रेक्षक डोळे पुसत आणि तृप्त होऊन बाहेर पडेल. शासनाने एकाएकी दोघांनाही घरे दिली, तर सगळे सुखी होतील आणि प्रेक्षक फसवला गेल्यासारखा उठेल. अ‍ॅरिस्टॉटलने शोकांतिकेच्या कथानकात ज्या दोन गोष्टी सर्वांत परिणामकारक मानल्या, त्या म्हणजे परिस्थितीचे उलटणे आणि अज्ञानातून ज्ञानात येणे. ज्या क्षणी नायकाचे दैव फिरते त्याच क्षणी त्याला सत्य कळावे, ही रचना त्याला सर्वांत श्रेष्ठ वाटली. तुमच्या धाकट्याला शेवटच्या दहा मिनिटांत स्वतःविषयी काय कळते? हे एका वाक्यात लिहिता आले, तर शेवट दुःखाचा असण्याची काळजी करू नका. लिहिता आले नाही, तर आणखी रडू आणूनही तो उभा राहणार नाही.

प्रश्न : योगायोग अजिबात वापरू नये असे वाचले. मग जुन्या उत्तम कथांत ते कसे चालतात? (एक वाचक, जिंतूर)

उत्तर : नायकाला अडचणीत आणणारा योगायोग प्रेक्षक सहज स्वीकारतो, अडचणीतून सोडवणारा स्वीकारत नाही. उकल कथानकातूनच निघाली पाहिजे, ग्रीक रंगमंचावर यंत्रातून उतरवत तशा, ऐनवेळी अवतरलेल्या देवाने ती करू नये, असे अ‍ॅरिस्टॉटलनेही बजावले आहे. याचा फार सुंदर दाखला ‘शाकुंतला’त आहे. महाभारतातील मूळ कथेत शापही नाही आणि अंगठीही नाही. ती कालिदासाची भर आहे. सात अंकी नाटकात सहाव्या अंकाच्या प्रारंभी कोळ्याला माशाच्या पोटात अंगठी सापडते. हा योगायोगच आहे, पण त्याने दुष्यंत सुटत नाही. उलट त्याला सगळे आठवते आणि जिला आपण भर दरबारात नाकारले ती आता आपल्या आवाक्याबाहेर आहे, हे त्याला त्याच क्षणी कळते. अंगठी मिळाल्यामुळे त्याचे दुःख सुरू होते. मीलन व्हायला आणखी पूर्ण एक अंक जावा लागतो. तुमच्या कथेतील योगायोग शेवटच्या पाव भागात येत असेल, तर त्याने नायकाचे काम सोपे होते की कठीण, एवढेच तपासा. सोपे होत असेल, तर तो उचलून पूर्वार्धात न्या किंवा काढून टाका.

प्रश्न : पंधरा मिनिटांच्या लघुपटालाही ही सगळी रचना लागते का? माझा विषय : एक शेतकरी माळेगावच्या यात्रेत आपला बैल विकायला नेतो. (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : लघुपटाला तीन अंक लागत नाहीत, एक निर्णय लागतो. आदल्या रात्रीची घरातली चर्चा, बैलाच्या आठवणी, गावातून निघणे, हे सगळे तुम्ही बहुधा लिहिले असेल. ते बाजूला ठेवा आणि बाजारात सौदा सुरू असतानाच आरंभ करा. दलाल आणि शेतकरी यांच्या हातांवर रुमाल टाकलेला आहे, आत बोटांनी किंमत सांगितली जाते आहे, भोवतीच्या माणसांना आकडा दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही. आपल्याला फक्त शेतकऱ्याचा चेहरा दिसतो. किती पैसे हवे आहेत आणि कशासाठी, हे यापूर्वी एका वाक्यात कानावर पडलेले असावे. मधल्या भागात त्याला पुरेसा भाव मिळतो, पण घेणारा कोण आहे हे कळते. तिथे त्याने हात ओढून घ्यायचा की बोट दाबायचे, हा तुमचा लघुपट आहे. आदली रात्र, वाटचाल आणि परतीचा रस्ता यांपैकी एकच भाग ठेवा, आणि तोही दोन मिनिटांच्या आत संपवा.